मुंबईचा आंबा, जमैकाचे अंगण

(मुंबई उपनगरांतील शिक्षक, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि लगतच्या जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आंब्यावर मराठी श्रोत्यांपुढे बोलणे काहीसे धाडसाचेच आहे. या फळाच्या बाबतीत आपल्याकडे प्रत्येक जण परीक्षक असतो. देवगडचा की रत्नागिरीचा, हापूस की पायरी, हे वाद दर वैशाखात नव्याने सुरू होतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत मिटत नाहीत. तो वाद आज बाजूला ठेवून मी आपणांस कॅरिबियन समुद्रातील जमैका या बेटाकडे नेणार आहे. कारण तेथे घरोघरच्या अंगणात मानाने वाढवल्या जाणाऱ्या एका आंब्याचे नाव ‘बॉम्बे’ असे आहे. त्या बेटाने परदेशातून आलेला आंबा आपल्या अंगणात कसा रुजवला, आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या उपनगरांतील आवारांत आपण तो कसा राखावा, या दोन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

समुद्रापार गेलेली रोपे

जमैका हा आंब्याचा मूळ देश नव्हे. तेथे आंबा पोहोचला तो युद्धाच्या धामधुमीत. १७८२ साली इंग्रज व फ्रेंच यांच्यातील सागरी युद्ध चालू असता, रॉडने यांच्या आरमारातील ‘फ्लोरा’ या युद्धनौकेचे कप्तान मार्शल यांनी एक फ्रेंच जहाज पकडले. ते मॉरिशसहून कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच वसाहतीकडे चालले होते. त्यावर इतर वनस्पतींबरोबर आंब्याची रोपेही होती. प्रत्येक जातीला नावाऐवजी क्रमांक दिलेला होता. ही रोपे जमैकात उतरवून हिंटन ईस्ट यांच्या बागेत लावण्यात आली. त्यांपैकी अकराव्या क्रमांकाचा आंबा लोकांना इतका आवडला, की त्याला दुसरे नाव देण्याची गरजच कोणाला भासली नाही. आजही तो ‘नंबर इलेव्हन’ म्हणूनच ओळखला जातो.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून निवडक जातींची कलमे मागवण्यात आली आणि सरकारी वनस्पतीउद्यानांतून त्यांचा प्रसार झाला. ‘बॉम्बे’ हे नाव त्याच संबंधाची खूण आहे. १८४५ सालापासून हिंदी मजूरही करारावर जमैकात नेले गेले. त्यांच्या वस्त्यांत तर हे फळ घरचेच होते.

निसर्गाचीही या पाहुण्याला अनुकूलता होती. जमैका सुमारे १८ उत्तर अक्षांशावर आहे, तर मुंबई १९ वर. दोन्हीकडे समुद्राची दमट हवा, दोन्हीकडे सौम्य हिवाळा. भेद आहे तो पावसाचा. जमैकात पावसाचे दोन भर असतात, एक मे महिन्याच्या सुमारास आणि दुसरा ऑक्टोबरात. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. जातीची निवड करताना हा भेद विसरून चालणार नाही.

अंगणातील जाती

जमैकातील आंब्यांची यादी वाचताना आपल्याकडील एखाद्या जुन्या वाडीत फिरल्यासारखे वाटते. ‘बॉम्बे’ आंबा पिकला तरी सालीने बहुधा हिरवाच राहतो. तो कापण्याची तेथील रीत पाहण्यासारखी आहे. फळाच्या मध्यावरून गोल चीर द्यावयाची, दोन्ही भाग विरुद्ध दिशांनी पिळावयाचे, की बाठा सुटा होतो आणि गराच्या दोन वाट्या हाती येतात. हा आपला हापूस नव्हे. पण पाहुण्यापुढे ठेवण्याचा आंबा म्हणून त्याचा मान तसाच आहे.

‘ज्युली’ ही दुसरी प्रिय जात. तिचे फळ किंचित चपटे, गर घट्ट व सुवासिक. पण अंगणवाल्यांना ती अधिक भावली तिच्या ठेंगणेपणामुळे. झाड सावकाश वाढते, आटोपशीर राहते, फळे हाताच्या टप्प्यात येतात. तिचा दोष असा, की दमट हवेत करपा रोगाला ती लवकर बळी पडते. ‘ईस्ट इंडियन’ हा मोठ्या फळाचा, रसाळ व उग्र सुगंधाचा आंबा. शिवाय ‘हेअरी’ आणि ‘स्ट्रिंगी’ अशी नावे असलेले केसाळ, धागेदार आंबेही आहेत. ते कापावयाचे नसतात, माचून चोखावयाचे असतात. आपल्या रायवळ बिटक्यांचेच ते भाऊबंद म्हणता येतील.

बाजारासाठी आणि निर्यातीसाठी तेथे ‘हेडन’, ‘कीट’, ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ अशा रंगीत, टिकाऊ जाती लावतात. पण अंगणात मात्र प्रत्येक घर आपल्या आवडीचे झाड राखते. आंब्याच्या दिवसांत घरची भांडी पालथी पडतात, म्हणजे चूल थंडावते, अशा अर्थाचे बोलणे त्या बेटावर रूढ आहे. बाजारातील भाव काहीही असो, गरिबाच्या मुलाला त्या दिवसांत पोटभर आंबा मिळतो तो अंगणातील झाडामुळे. अंगणातील आंब्याचे खरे महत्त्व येथे आहे.

एका झाडाची कथा

येथे एका झाडाची कथा सांगितली पाहिजे, कारण पुढे मी जे आवाहन करणार आहे त्याचा आधार तिच्यात आहे. १८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने पुण्याकडील मलगोबा जातीची कलमे मागवून फ्लोरिडात लावण्यास दिली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी पडली आणि ती झाडे मेली. लेक वर्थच्या काठी एल्ब्रिज गेल यांनी लावलेले एक झाड तेवढे तगले. त्याच्या कोयी १९०२ साली कॅप्टन हेडन यांनी आपल्या आवारात पेरल्या. त्यांतील एका रोपाला १९१० मध्ये फळ धरले आणि ‘हेडन’ ही नवी जात जन्मास आली. फ्लोरिडातील अनेक व्यापारी जाती याच वंशातून आल्या. ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ हीदेखील हेडनच्याच रोपापासून निघाली असे मानले जाते.

या कथेचा शेवटचा भाग आपल्या कोकणात घडला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि टॉमी अ‍ॅटकिन्स यांच्या संकरातून ‘कोकण सम्राट’ ही जात तयार केली. पुण्याकडून गेलेल्या मलगोब्याचा वंश अशा रीतीने सव्वाशे वर्षांच्या प्रवासानंतर पुन्हा महाराष्ट्राच्या मातीत आला. मधल्या काळात लेक वर्थच्या काठचे ते एक झाड कोणी जळणासाठी तोडले असते, तर ही परंपरा तेथेच संपली असती. एका झाडाची किंमत पुष्कळदा पुढच्या पिढ्यांनाच कळते.

साष्टीची आंबराई

आता आपल्या घराकडे येऊ. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा हा सारा प्रदेश म्हणजे जुने साष्टी बेट. १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. पश्चिम किनाऱ्यावर आंब्याची कलमे बांधण्याच्या कलेला त्यांच्या काळात मोठी चालना मिळाली. हापूस हे नाव ‘अफोन्सो’पासून आणि पायरी हे ‘पेरेस’पासून आले, असे मानतात. मुंबई बेटावरील माझगावच्या आंब्याची कीर्ती तर १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या टॉमस मूर यांच्या ‘लल्ला रूख’ या इंग्रजी काव्यापर्यंत पोहोचली होती. आज माझगावात तो आंबा शोधू गेल्यास केवळ नाव हाती लागते.

उपनगरांत मात्र अद्याप सगळेच हरवलेले नाही. गावठाणांत, जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारांत, शाळांच्या पटांगणांत, तीन-चार मजली संस्थांच्या मागील बाजूस कोयीपासून उगवलेली जुनी रायवळ झाडे उभी आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला लागणारी डाळीची कैरी, गुढीपाडव्याची डहाळी, लोणच्याची फोड हे सारे याच झाडांनी पुरवले. आता या आवारांचा पुनर्विकास वेगाने होत आहे. घरे जुनी झाली, कुटुंबे वाढली, हे खरेच आहे आणि त्याला कोणी विरोध करू नये. पण ज्या नकाशात मोटारगाड्यांची जागा आधी आखली जाते आणि झाडाची जागा सर्वांत शेवटी विचारली जाते, तो नकाशा पुन्हा एकदा पाहावयास हवा.

रायवळ झाड गेले म्हणजे नेमके काय जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्याकडील बहुतेक जातींच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो परपरागीकरणातून आलेला असतो. म्हणून हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही. कोयीपासून वाढलेले प्रत्येक झाड हे स्वतःपुरती एक स्वतंत्र जात असते. त्याचा स्वाद, त्याचा पिकण्याचा काळ, रोगाला तोंड देण्याची त्याची शक्ती जगात दुसरीकडे कोठेही तशीच्या तशी नसते. जमैकाचा ‘नंबर इलेव्हन’ कोयीपासून लावूनही पुष्कळसा तसाच येतो, कारण काही आंब्यांच्या कोयीतून मातृवृक्षाच्या गुणांची एकाहून अधिक रोपे निघतात. आपल्या रायवळ झाडांच्या बाबतीत तशी सोय नाही. ती टिकवावयाची तर कलम बांधणे हाच मार्ग आहे.

आवारासाठी कोणती जात?

नवी लागवड करणाऱ्यांनी प्रथम जागा पाहावी आणि नंतर जात निवडावी. आंब्याला दिवसाचा बराच काळ थेट ऊन लागते. दोन उंच इमारतींच्या मधल्या अरुंद, सावलीच्या पट्ट्यात झाड वाढेल, पण मोहोर येणार नाही. सांडपाण्याच्या वाहिनीवर, मलकुंडाजवळ किंवा इमारतीच्या पायाला चिकटून झाड लावू नये.

हापूससाठी बागेत १० मीटर अंतर ठेवतात, हे लक्षात घेतले म्हणजे लहान आवारात तो का गुदमरतो हे समजते. शिवाय त्याला वर्षाआड फळ धरण्याची खोड आहे आणि फळात साक्याचा दोष संभवतो. मोकळी, उन्हाची जागा असेल त्यांनी तो अवश्य लावावा, मात्र त्याच्या जोडीस केसर, रत्ना, पायरी किंवा गोवा माणकूर यांपैकी एखादे झाड असू द्यावे. दुसऱ्या जातीच्या परागाने हापूसची फळधारणा सुधारते. शेजारच्या दोन संस्थांनी आपसांत ठरवून एकीने हापूस आणि दुसरीने केसर लावला, तरी काम साधते.

मध्यम जागेसाठी ‘रत्ना’ ही जात मला अधिक योग्य वाटते. नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेली ही जात १९८१ साली प्रसारित करण्यात आली. ती नियमित फळ देते, तिच्यात साका होत नाही आणि झाड लवकर धरते. १९९२ साली आलेली ‘सिंधू’ ही रत्ना व हापूस यांची संतती असून तिची कोय अगदी पातळ असते. लोणच्याची हौस असणाऱ्यांसाठी ‘कोकण रुची’ आहे.

जमैकाच्या ज्युलीप्रमाणे ठेंगणी जात हवी असेल, तर ‘आम्रपाली’चा विचार करावा. दशेरी व नीलम यांच्या संकराची ही जात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७९ च्या सुमारास दिली. तिची झाडे अडीच मीटर अंतरावरही लावतात. मोठ्या पिंपात किंवा बांधीव वाफ्यात ती वाढवता येते. मात्र गच्चीवर ठेवण्यापूर्वी भार आणि गळती यांविषयी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. तिची एक अडचण अशी, की ती उशिरा पिकते आणि आपल्याकडे फळ पावसात सापडते. म्हणून काही फळे कैरीसाठी काढावीत आणि राखलेल्या फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात.

लागवड आणि निगा

खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. एक मीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा उत्तम. उपनगरांत भरावाची जमीन पुष्कळ ठिकाणी आहे. खणताना विटा, सिमेंटचे तुकडे, प्लास्टिक निघाल्यास ते सर्व काढून बाहेरची चांगली माती आणि चार-पाच घमेली कुजलेले शेणखत घालावे. पावसाच्या आरंभी कलम लावावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटणारी फूट वरचेवर काढावी, नाहीतर खुंट वाढतो आणि कलम मरते. चार वर्षांनी आंबटढाण फळ आले म्हणजे रोपवाटिकेला दोष दिला जातो, पण पुष्कळदा कारण हेच असते.

पहिल्या वर्षी १० किलो शेणखत, १५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद व १०० ग्रॅम पालाश द्यावे आणि दर वर्षी याच प्रमाणात दहाव्या वर्षापर्यंत रासायनिक खतांची मात्रा वाढवीत न्यावी. पहिली तीन-चार वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा. मुलांना याचे वाईट वाटते, पण झाडाच्या अंगात बळ यावयाचे तर एवढा संयम हवा. बुंध्याभोवती निदान एक मीटरपर्यंत फरशी किंवा काँक्रीट असू नये.

थंडीत मोहोर आला की तुडतुडे, भुरी आणि करपा यांकडे लक्ष ठेवावे. दाट फांद्या विरळ करून आत ऊन व वारा खेळू दिला, तर निम्मे काम होते. दाट वस्तीत विषारी औषधांची फवारणी शक्य तो टाळावी आणि आवश्यक वाटल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच करावी. फळमाशीसाठी दापोलीने प्रसारित केलेला रक्षक सापळा टांगावा. फळे चौदा आणे तयार झाली की झेल्याने देठासह उतरवावीत. काठीने झोडपून पाडलेला आंबा अढीत पिकत नाही, सडतो.

तोडण्यापूर्वी काडी घ्या

आता आजच्या मुख्य विषयाकडे येतो. नागरी भागातील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे संरक्षण आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षांहून जुन्या झाडांना विशेष स्थान मिळाले. ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम असून त्याच्या अनुसूचीत आंबा आहे. पण कायदा झाला तरी प्रत्येक झाड वाचेलच असे नाही. काही झाडे परवानगीने जातील, काही वादळात, काही वार्धक्याने. झाड गेले तरी त्याचा वंश राखणे आपल्या हाती आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

कोय कलमाची पद्धत कोकणात सर्वत्र रूढ आहे, आणि आपला दमट पावसाळा हाच तिचा हंगाम आहे. जूनमध्ये ताज्या कोयी पाण्यात टाकाव्यात, तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात आणि उरलेल्या गादीवाफ्यावर रुजवाव्यात. रोप पंधरा-वीस दिवसांचे, पाने तांबूस असतानाच ते खुंट म्हणून घ्यावे. ज्या झाडाचे फळ राखावयाचे, त्याच्या उन्हातील फांदीवरची तीन-चार महिन्यांची, खुंटाएवढ्याच जाडीची काडी निवडावी. काढण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापावीत. खुंट शेंड्याला छाटून मधोमध उभा काप द्यावा, काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती त्यात बसवावी आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. कलम पिशवीत लावून सावलीत ठेवले म्हणजे दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. सर्वच कलमे साधत नाहीत, म्हणून एका झाडाची निदान दहा-बारा बांधावीत.

कोणी काय करावे

शिक्षकांना माझी विनंती, की शाळा सुरू होताच मुलांकडून कोयी गोळा कराव्यात आणि ऑगस्टपर्यंत प्रत्येक वर्गाने निदान पाच कलमे बांधावीत. परागीकरण, आनुवंशिकता आणि वनस्पतींची वाढ हे धडे यातून हाताला शिकवले जातील. गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी पुनर्विकासाचा ठराव करताना आवारातील झाडांची यादी ठरावास जोडावी, आणि जे झाड राहणारच नाही त्याच्या काड्या आधीच्या पावसाळ्यात काढून घ्याव्यात. ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती तर जैविक विविधता अधिनियम, २००२ खालील जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत गावातील प्रत्येक जुन्या आंब्याची नोंद व्हावी: झाड कोठे आहे, केव्हा पिकते, चोखण्याचे की लोणच्याचे, गावात त्याला काय नाव आहे. ही माहिती वृद्ध मंडळींच्या तोंडी आहे. ती लिहून घेण्यास पाच वर्षे थांबल्यास सांगणारे उरणार नाहीत.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असे कारण त्यांनी दिले आहे. आरमाराची गरज मोटारगाड्यांच्या जागेपेक्षा लहान नव्हती. तरीही राज्यकर्त्याने झाडाच्या बाजूने निर्णय दिला.

जमैकात आपल्या शहराचे नाव एका आंब्याने टिकवले आहे. त्या नावाच्या शहरात, आपल्या मुलांना झाडावरचा आंबा पाहावयास मिळावा, इतकीच अपेक्षा आहे. पाऊस दाराशी आला आहे. या आठवड्यात घरी खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी फेकू नका, आणि आपल्या आवारातील जुन्या झाडाखाली एकदा जाऊन त्याची कोवळी काडी पाहून ठेवा.